रेघांची प्रत

काटा अगदी बरोबर निघाला आणि तिथंच सगळं बिनसलं. वजनमाप खात्यात थोरलीचे केस पिकत आले होते. व्यापारी तिला पाठीमागं 'काटेबाई' म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. त्या दिवशी ती धान्याच्या एका जुन्या दुकानात वार्षिक तपासणीला गेली, तेव्हा खात्याच्या वजनांची पेटी गाडीतच राहिली आणि ड्रायव्हर गाडी घेऊन चाकात हवा भरायला गेला. दुकानदार सज्जन माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि बाईंचा खोळंबा बघवेना म्हणून स्वतःचं किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवलं. आकडे थरथरले आणि बरोबर एकावर थांबले. उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा एक. थोरलीनं मान डोलावली, शिक्क्याकडे हातसुद्धा गेला. तेवढ्यात गाडी आली. निव्वळ सवयीनं तिनं पेटी उघडली, मखमलीच्या खाचेतलं पितळी वजन चिमट्यानं उचललं, कारण हातानं उचललं तर घाम लागतो आणि घामालाही वजन असतं, आणि काट्यावर ठेवलं. काट्यानं किलोवर तीस ग्रॅम जास्त दाखवले. मग दुकानदाराचं वजन उलटं करून पाहिलं. बुडाशी भोक असतं, त्यात शिसं भरून वजन पुरं केलेलं असतं. ते शिसं कधीच गळून पडलं होतं. दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, वडिलांच्या वेळचं आहे बाई, नवा काटा घेतला तेव्हा मीच मेकॅनिकला सांगितलं, याच्याशी जुळवून दे. म्हणजे खोटं वजन आणि खोटा काटा एकमेकांशी इतकी वर्षं गुण्यागोविंदानं नांदत होते, आणि हा भला माणूस अख्ख्या गल्लीला कमी देत रात्री शांत झोपत होता.

नियमाप्रमाणे तिनं काट्याला सील ठोकलं आणि गाडीत येऊन बसली. दुकानदाराचं काय, त्याचं महिन्याभरात निस्तरेल. तिला आठवत होतं ते सकाळचं. सकाळी दार ओढून घेताना तिनं ठरवलं होतं, आज ऑफिसातून धाकटीला फोन करायचा आणि सांगायचं, जा बाई, मी सगळं तपासलं, काही खोट नाही. येत्या रविवारी धाकटी 'सहवासा'त कायमची राहायला जाणार होती. सहवास म्हणजे शहराच्या टोकाला, गोदामांच्या मागं घेतलेलं एक मोठं घर आणि त्यात एकत्र राहून प्रार्थना करणारी पन्नासेक माणसं. त्यांच्या प्रमुखाला सगळे दादा म्हणत. घरात राहायला गेलेल्यांनी बाहेरच्या नात्यांपासून 'थोडं दूर' राहायचं, असा तिथला शिरस्ता. थोडं म्हणजे किती ते कुणी सांगत नव्हतं, पण तिथं राहायला गेलेली कुणाची मुलगी नंतर आईच्या आजारपणात दिसल्याचं थोरलीला आठवत नव्हतं. आणि इथं तर आई धाकटीकडेच राहत होती. गेल्या आठवड्यात धाकटी स्वतःहून आली, पिशवीतून आपलं बायबल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, दादा स्वतःच म्हणतात, आम्हाला शास्त्रावर पारखून घ्या. तू पारख. तुला खोट दिसली तर मी नाही जाणार."

असं म्हटल्यावर कुणीही फुशारेल. थोरली फुशारली. लहानपणापासून हे असंच होतं. शाळेत जाताना कुठली वेणी, चित्रात आकाशाला कुठला रंग, परीक्षेत आधी कुठला प्रश्न, धाकटी मान वर करून विचारायची आणि थोरली सांगायची. आई कौतुकानं म्हणायची, माझ्या धाकटीला ताई म्हणेल ती पूर्व दिशा. पुढं कॉलेजातले विषय थोरलीनं निवडले. एक्स-रेच्या दवाखान्यात नाव नोंदवून घेण्याच्या टेबलावरची नोकरी थोरलीनंच बघून दिली. तिथं धाकटी दिवसभर लोकांना खाली बसा, इथं सही करा, दागिने काढून ठेवा असं सांगायची आणि घरी आली की स्वतः काय जेवायचं ते विचारायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुणाची मुलगी ऐकत नाही म्हणून लोक रडतात, ऐकते म्हणून कोण रडेल?

मग दोन वर्षांपूर्वी धाकटी अंथरुणाला खिळली. ताप नाही, दुखणं नाही, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, हवापालट झाला, पण ती भिंतीकडे तोंड करून पडायची ती पडायचीच. थोरली रोज ऑफिस सुटल्यावर जायची आणि रोज एकच सांगायची, ऊठ, आंघोळ कर, चार पावलं चाल. धाकटी उठायची, आंघोळ करायची, चार पावलं चालायची आणि पुन्हा येऊन पडायची. सांगितलेलं सगळं करून ती तशीच राहायची, यानं थोरलीच्या अंगाची लाही लाही व्हायची. आणि मग कुठून तरी सहवासातल्या दोन बायका आल्या. त्यांनी उपदेश केला नाही, प्रश्न विचारले नाहीत. एकीनं आठवडाभराची भांडी घासली, दुसरी धाकटीच्या पायाशी नुसती बसून राहिली, आणि जाताना उद्या येतो म्हणाल्या. उद्या आल्या. महिन्याभरानं धाकटी केस विंचरून त्यांच्याबरोबर बाहेर पडली. हे थोरलीच्या डोळ्यांदेखत झालेलं, त्याला ती नाही कशी म्हणणार? चर्चमधले पाळक म्हणाले होते, फळावरून झाड ओळखा, शास्त्रातली हीच पहिली कसोटी. बरं, फळ तर समोर होतं, केस विंचरलेलं, हसणारं. थोरलीनं तसं पाळकांना सांगितलं, तेव्हा ते नाक पुसत म्हणाले, "अहो, वाट चुकलेला पंथच तो, त्यात विचारायचं काय?" त्यांना बारा महिने सर्दी. सहवासात ते एकदाही गेलेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. शिवाय त्यांच्या चर्चमधली तीन कुटुंबं तिकडे गेलेली, तेव्हा त्यांच्या पारड्यात अंगठा कुणाचा होता, हेही थोरलीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. वर ते दरवर्षीप्रमाणे तिच्या खात्यावर विनोद करून मोकळे झाले, की बाई, खोटा तराजू देवाला चालत नाही असं नीतिसूत्रांत स्पष्टच आहे, तुमची नोकरी पक्की. ती हसली होती. नवरा तेवढा एक वाक्य बोलला. रात्री शब्दकोडं सोडवताना चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुझ्या बहिणीला देव हवाय की मॅनेजर?" थोरलीनं त्याला गप्प बसवलं होतं.

तर तिनं पारखलं. आणि पारखलं कशावर, तर धाकटीनं आणून दिलेल्या त्या प्रतीवर. सहवासाची एक रीत होती. नव्या माणसाला बायबल भेट द्यायचं ते कोरं नाही द्यायचं. आधी आलेल्या कुणी तरी ते महिनाभर घेऊन बसायचं आणि पट्टी लावून, निळ्या पेन्सिलीनं महत्त्वाच्या वचनांखाली रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेला त्या माणसासाठी प्रार्थना करायची. ही रेघांची प्रत. धाकटीला मिळाली ती भांडी घासणाऱ्या बाईनं केलेली होती, आणि नंतर धाकटीनं स्वतः अशा पाच-सहा प्रती रेघून दिल्या होत्या. एवढा जीव लावून केलेलं काम आजकाल कोण करतं? सभेत वाचायचं ते रेघेचं. बाकीचं वाचू नका असं कुणी म्हणत नसे. फक्त दादा म्हणत, तुम्ही अजून दुधावरची लेकरं, ते जड अन्न आहे, पचेल तेव्हा देऊ. धाकटीला दोन वर्षं झाली तरी दूधच चालू होतं. थोरली चार संध्याकाळी टेबलाशी बसली, सहवासात चालतं ते ते मनात मांडलं आणि पानापानांवर रेघ शोधत गेली. पुढाऱ्यांचं ऐका, रेघ होती. आईबाप सोडून मागं या, रेघ होती. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागं जात नाहीत. दोनदा रेघ होती. जे जे सहवासात होतं ते ते शास्त्रात सापडत गेलं, इतकं नीट, इतकं काटेकोर, की तिला समाधान वाटलं आणि झोप छान लागली. दुकानदारालाही छानच लागत होती.

गाडी ऑफिसच्या आवारात येऊन थांबली तरी ती उतरली नाही. ती प्रत पर्समध्येच होती. ड्रायव्हर चहाला गेला. तिनं प्रत काढली आणि या वेळी रेघांच्या मधलं वाचायला लागली, जिथं कागद स्वच्छ होता ते. सुरुवातीला डोळा ऐकेना. तो आपला घसरून निळ्या रेघेवर जाऊन बसायचा. मग तिनं रेघेवर बोट ठेवून ती झाकली. पुढाऱ्यांचं ऐका, या वचनाच्या नंतर थोड्याच पानांवर पेत्र वडील मंडळींनाच बजावतो की कळपावर धनीपणा गाजवू नका. तिथं कागद कोरा. येशू चिडतो त्या लोकांवर, जे आईबापांना सांगतात की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते मी देवाला वाहिलंय, आणि तेवढं म्हणून हात झटकतात. कोरा. थोरलीला आईचा आवाज ऐकू आला. सहवासाचं कळलं तेव्हा आई म्हणाली होती, माझं काय, मी कुठंही मावते. पौल सांगतो की पेत्र चुकला तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोललो. कोरा. आणि मग प्रेषितांच्या गोष्टीतलं ते बिरुया गावचं वचन आलं आणि तिनं काच खाली केली, वारा हवा म्हणून. त्या गावच्या लोकांनी वचन मोठ्या आवडीनं स्वीकारलं, इथपर्यंत पट्टी लावून ओढलेली सुबक रेघ होती. स्वल्पविरामापाशी ती थांबली होती. वाक्य पुढं चालू होतं, की आणि आपल्याला सांगितलं ते खरंच तसं आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून तपासून बघत. त्याच्याखाली काही नव्हतं. थोरली त्या स्वल्पविरामाकडे बघत राहिली. कुणाचा हात इथं थांबला असेल? आणि थांबताना त्याला कळलं असेल का?

एवढं झाल्यावर फोन करायला काय हरकत होती. पंथ की नाही, उत्तर हातात होतं. पण थोरली म्हणजे शेवटी वजनमापवाली. खात्याची पितळी वजनंसुद्धा दरवर्षी वरच्या प्रयोगशाळेत जाऊन तपासून येतात. मी बरोबर आहे असं कुठलंच वजन स्वतःच्या तोंडानं सांगू शकत नाही. तिचं मन त्याच वाटेनं चालायला लागलं आणि मग त्याला थांबवणं तिच्या हातात राहिलं नाही. धाकटी गेली तर आईला आपल्याकडे आणावं लागेल, दोन खोल्यांत, नवऱ्याचं शब्दकोडं आणि आईचा मोठ्यानं लावलेला रेडिओ. तर तुझा निकाल धाकटीसाठी की तुझ्या दोन खोल्यांसाठी, असं तिनं स्वतःला विचारलं आणि खरं उत्तर दिलं, की थोडा माझ्यासाठीही. इथवर ठीक होतं, माणूस आहे, चालायचंच. पण पुढं तिला ते जुन्या करारातलं वचन आठवलं. थैलीत दोन वजनं बाळगू नका, एक मोठं, एक लहान. घेताना एक आणि देताना दुसरं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. कॉलेजातले विषय, नोकरी, ऊठ, आंघोळ कर, चार पावलं चाल; हे सगळं प्रेम. आणि दादा सांगतो ते जाळं. कुठल्या वजनानं? दादानं रेघा मारल्या, मान्य. पण तो यायच्या आधी धाकटीच्या आयुष्यात पट्टी लावून रेघा कोण मारत होतं, आणि रेघेबाहेरचं तिला कधी कुणी वाचू दिलं होतं? धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा कदाचित एवढंच शोधत होती, की न सांगता आपल्याला काय वाटतं. ते सापडलं नाही म्हणून ती उठली आणि जिथं सगळं सांगतात तिथं गेली. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते कळेना. तिनं तिथंच, गाडीत बसून, ठरवलं. निकाल द्यायचा नाही. ते वचन धाकटीला स्वतःच्या तोंडानं वाचायला लावायचं, पुरं, आणि गप्प बसायचं. ती जाईल किंवा राहील. पण या खेपेला तिचं ती ठरवेल.

शनिवारी दुपारी ती गेली तेव्हा दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगावर मोठी बॅग पसरलेली, तीत कपडे नीट घड्या करून ठेवलेले, आणि कपाट उघडं, रिकामं. बाहेरच्या खोलीत आई रेडिओला कान लावून बसली होती. थोरलीला बघून म्हणाली, ये, आणि आवाज आणखी वाढवला, म्हणजे तुम्ही बोला, मी ऐकत नाही. आईच्या पायाशी तिच्या सामानाची एक लहान पिशवी भरून ठेवलेली होती. कुणी भर म्हटलं नव्हतं. तिची तिनंच भरली होती.

धाकटी चहा करायला निघाली, थोरलीनं तिला बसवलं. प्रत उघडली, पान काढलं आणि म्हणाली, हे वाच, मोठ्यानं. धाकटीनं रेघेपर्यंत वाचलं आणि थांबली. थोरली म्हणाली, पुढं. धाकटीनं पुढचं वाचलं. वाचताना आवाज हळू झाला, कारण ते वाक्य तिच्या तोंडात कधी आलेलंच नव्हतं. मग तिनं पुन्हा एकदा, मनात, ओठ हलवत वाचलं. तिचं बोट स्वल्पविरामावर होतं.

"मी पण इथंच थांबवत आले," ती म्हणाली. "ज्या ज्या प्रती केल्या, त्या सगळ्यांत."

"का?"

"मला दिलेल्या प्रतीत इथंच थांबली होती."

थोरलीनं मग आणखी दोन-तीन ठिकाणं नुसती उघडून पुढं केली, आईबापांचं, पेत्राचं, आणि धाकटी आज्ञाधारकपणे वाचत गेली. तिला समजत होतं. थोरलीला तिच्या मानेवरून कळत होतं, समजत होतं. तिच्या कपाळावर एक आठी आली, लहानपणी गणित सुटत आलं की यायची तशी, आणि थोरली आशेनं थोडी पुढं सरकून बसली. बाहेर रेडिओवर कुणी तरी हवामान सांगत होतं. धाकटीनं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि मान वर केली.

"मग मी काय करू, ताई?"

"तू वाचलंस ना? तूच ठरव."

धाकटी वाट बघत राहिली. ताई आता सांगेल, मग सांगेल. थोरलीनं दात दातांवर धरले, खिडकीकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं. तिला वाटलं, बसू दे हिला अशी. अर्धा तास, रात्रभर, पाहिजे तर वर्षभर. भिंतीकडे तोंड करून पडली तरी पडू दे, पण उठेल ती स्वतःची उठेल. धाकटीच्या चेहऱ्यावरची ती आठी हळूहळू गेली आणि तिथं एक घाबरेपणा आला, अगदी उघडा, गर्दीत बोट सुटलेल्या पोराचा. ती ओठ चावत होती. तिनं कपाटाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, पुन्हा ताईकडे पाहिलं. मग तिचा हात उशीशी पडलेल्या मोबाइलकडे गेला. तिच्या मनात ताईला दुखवायचं काही नव्हतं. कुणी तरी सांगायला हवं होतं, इतकंच.

"दादांना विचारते," ती म्हणाली. "ते सांगतील या वचनाचं."

तिनं नंबर काढला. बाहेर आईनं रेडिओ बंद केला होता, केव्हा ते कुणालाच कळलं नाही. थोरलीला गाडीतला तो सगळा विचार आठवत होता, शब्द न् शब्द आठवत होता, आणि तो बरोबर होता हेही कळत होतं. पण माणूस किती वेळ बरोबर राहू शकतं?

"नको लावू फोन," ती म्हणाली. आवाज ऑफिसातला निघाला. "ठेव तो. तू जायचं नाहीस. मी सांगते ना, जायचं नाही."

धाकटीनं फोन ठेवला. वाद नाही, का म्हणून नाही. तिचे खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला आणि चेहऱ्यावर असं निवांत हसू पसरलं की थोरलीला बघवेना. त्या दोन बायका पहिल्यांदा तिला बाहेर घेऊन गेल्या, त्या दिवशी ती अशीच हसत आली होती. "बरं झालं तू सांगितलंस," ती म्हणाली आणि लगेच उठली. बाहेर आईनं नाक शिंकरलं, बहुतेक रडत होती. धाकटीनं बॅगेतली पहिली चळत उचलली, छातीशी धरली, उघड्या कपाटासमोर उभी राहिली आणि तिथंच थांबली. मग मान वळवून तिनं विचारलं,

"कुठल्या कप्प्यात ठेवू?"

थोरलीनं सांगितलं.